स्वतःला बोल लावणारा आतला आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे परिसरात समुपदेशनाचे काम करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे अनेकांच्या अनुभवांवरून जुळवलेली आहेत. माझा स्वतःचा प्रसंग सोडला तर त्यांतले कोणतेही एका व्यक्तीचे नाही.

'आतला आवाज' म्हणजे नेमके काय? मला तर कसलाच आवाज ऐकू येत नाही.

बहुतेकांना तो कानांनी ऐकू येत नाहीच. बस चुकली की 'दहा मिनिटे आधी निघायला काय झाले होते?' असे जे मनात उमटते, तेवढाच येथे 'आवाज' या शब्दाचा अर्थ आहे. लहान मूल एकटे खेळताना मोठ्याने बोलत असते. 'हे इथे ठेवायचे, पडू द्यायचे नाही' असे स्वतःलाच बजावत असते. वय वाढते तसे हे बोलणे ओठांआड जाते. लेव व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे यावरचे विवेचन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे सार असे, की आधी माणसे मुलाशी बोलतात, मग मूल तसेच स्वतःशी बोलू लागते आणि शेवटी ते बोलणे आत जाऊन विचाराचे रूप घेते. हे मान्य केले की पुढचे बरेच समजायला सोपे जाते, कारण मग त्या आवाजाला एक बोली असणार, एक सूर असणार आणि कोणा ना कोणाची ढबही असणार.

काहींना शब्द सुचत नाहीत. नुसता पोटात गोळा येतो किंवा मान खाली जाते. त्यांनी 'या मान खाली घालण्याला वाचा फुटली असती तर ती काय म्हणाली असती?' एवढे स्वतःला विचारावे. उत्तर सहसा लगेच मिळते.

मला मात्र खरोखरच आवाज ऐकू येतात. मी आवाज कल्पण्याचे हे सराव करून पाहावे का?

आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. जवळ कोणी नसताना बाहेरून आल्यासारखा आवाज स्पष्ट ऐकू येणे, त्याने हुकूम सोडणे किंवा तो आपला नाही अशी खात्री वाटणे ही निराळी बाब आहे. तिच्यासाठी चांगले उपचार उपलब्ध आहेत. खाली दिलेले कल्पनेचे सराव अशा वेळी आपल्या आपण करू नयेत.

स्वतःवर टीका केलीच नाही तर माणूस आळशी होणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणारी माणसे बहुधा अतिशय कष्टाळू असतात. त्यांना आपले सारे कष्ट त्या चाबकामुळेच झाले असे वाटत असते, म्हणून चाबूक खाली ठेवण्याची त्यांना धास्ती वाटते.

पॉल गिल्बर्ट हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्मटीकेचे प्रकार वेगळे करून दाखवले. एका प्रकारात माणसाला आपण कमी पडलो, उणे ठरलो असे वाटते. दुसऱ्यात त्याला स्वतःची घृणा वाटते. टीकेमागचे हेतूही दोन निघाले : चूक सुधारणे आणि स्वतःला शासन करणे. व्यवहारात हे सगळे एकाच वाक्यात मिसळून येते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

रावेर-यावल पट्ट्यातील एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. जूनच्या तोंडावर वादळी वारा सुटला आणि घड लागलेली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात वाक्य आले : 'पश्चिमेच्या बांधाला या वेळी शेवरी लावली नाहीस, तू बापाची शेती घालवणार.' यातला पहिला भाग माहिती आहे. वारा अडवण्यासाठी बागेभोवती शेवरी लावतात आणि ती लावली गेली नव्हती. पुढच्या लागवडीला ही माहिती उपयोगी पडणार आहे. दुसऱ्या भागात माहितीचा कणही नाही. वाक्य सुपात घेऊन पाखडले तर दाणे आणि फोलपट वेगळे होतात. पण आपण पाखडायच्या आधीच फोलपटासकट गिळतो आणि मग घशात अडकले म्हणून दाणेही थुंकून टाकतो.

शिवी बाहेरच्याने दिली काय आणि आपणच आपल्याला दिली काय, शरीर जवळजवळ सारखेच वागते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि धोका टाळण्यापलीकडे काही सुचत नाही. त्या धास्तीत माणूस दोन दिवस झपाटल्यासारखे काम करतो हे खरे. नंतर तो तोंड चुकवू लागतो. आपला शेतकरी आठ दिवस बागेकडे फिरकलाच नाही आणि तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा तो घरात पांघरूण घेऊन पडून होता. आळस येतो तो असा, टीका जास्त झाल्याने.

माझ्या टीकाकाराला मी ओळखायचे कसे?

त्याच्या शब्दांवरून आणि वेळेवरून. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' हे त्याचे आवडते शब्द असतात. एका चुकीवरून तो अख्ख्या माणसाचा निकाल लावतो. बहुतेकांकडे तो ठरावीक वेळी येतो : पहाटे जाग आल्यावर, पाहुणे निघून गेल्यावर, पगार जमा होऊन हप्ते कापले गेल्यावर. आठवडाभर फक्त वेळ आणि त्याचे वाक्य, जसेच्या तसे, वहीत टिपावे. उत्तर देण्याची घाई करू नये. वाक्य जसेच्या तसे टिपणे महत्त्वाचे, कारण 'मी स्वतःवर नाराज होतो' असे गुळगुळीत लिहिले तर त्यात टीकाकाराचा चेहरा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विचारावी, जी आपल्या भागात विशेष बोलकी ठरते : तो कोणत्या भाषेत बोलतो? घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, नोकरीत थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, असे आपल्यातल्या अनेकांचे आयुष्य गेले आहे. मी गावातून तालुक्याच्या शाळेत पाचवीला गेलो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात उशीर झाला. शिक्षकांनी कारण विचारले आणि मी सरळ सांगितले, ''सर, यष्टी उनी नही,'' म्हणजे एसटी आली नाही. त्यांनी मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावले आणि तीनही वेळा वर्ग हसला. त्या दिवसापासून माझा टीकाकार स्वच्छ प्रमाण मराठीत बोलतो. त्याच्या बोलण्यात एकही व्याकरणाची चूक नसते. व्यासपीठावर चढताना आजही तो म्हणतो, 'आधी नीट बोलायला शीक.' धीर देणारे जे काही माझ्या आत आहे ते मात्र सारे अहिराणीत राहिले : 'जाऊ दे भो, व्हई जाई.' कित्येक वर्षे मला त्या दुसऱ्या आवाजाचे मोल कळले नाही, कारण 'नीट' भाषेत बोलणाराच खरे बोलतो अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या कोणाचे याच्या नेमके उलट असेल. ज्याने लहानपणी घरी 'तुले काय येस?' हेच ऐकले, त्याला अहिराणीतला टोमणा अधिक झोंबेल. बालपणीच्या भाषेतील शिवी नंतर शिकलेल्या भाषेतील शिवीपेक्षा जास्त लागते, असे दोन भाषा बोलणाऱ्यांच्या अभ्यासांत बहुधा आढळते. म्हणून टीकाकाराचे वाक्य दुसऱ्या भाषेत किंवा बोलीत म्हणून पाहावे. त्याचे वजन किती कमी होते ते लगेच जाणवते.

लक्ष देऊन ऐकले तर तो आवाज माझ्या वडिलांचा निघाला. आता मी त्यांच्यावर राग धरायचा का?

गरज नाही. तुमच्या आत जो बोलतो आहे तो वडिलांचा एक तुकडा आहे : तुमच्या नवव्या-दहाव्या वर्षी, कदाचित कापसाला भाव न मिळालेल्या एखाद्या हंगामात, थकून ओट्यावर बसलेले वडील. ते वडील पुढे बदलले असतील, मवाळ झाले असतील, कदाचित आज नसतीलही. आतला तुकडा मात्र त्याच वयाचा राहिला. खऱ्या वडिलांना जाब विचारायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो या सरावाच्या भरात घेऊ नये. सराव करताना टीकाकाराला 'बाबा' किंवा 'आबा' म्हणण्यापेक्षा दुसरे नाव दिलेले बरे. एका बाईंनी त्याचे नाव 'तपासणीस' ठेवले होते, एका तरुणाने 'सरपंच'. नाव थोडे गमतीचे असावे, पण अपमान करणारे नसावे; आपण त्याच्याशी बोलणार आहोत.

वेगवेगळे आवाज कल्पायचे म्हणजे प्रत्यक्ष करायचे काय?

वही, पेन आणि पंधरा मिनिटे एवढे पुरते. नुकताच घडलेला, मध्यम त्रासाचा एकच प्रसंग घ्यावा. आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख पहिल्या दिवशी काढू नये. मग त्या प्रसंगातील निदान तीन आवाजांना आळीपाळीने लिहू द्यावे. पहिला टीकाकार. दुसरा, ज्याला ती टीका लागते तो. हा आवाज बहुतेकांच्या लक्षातच आलेला नसतो, कारण टीका करणारे आपण आणि मार खाणारेही आपणच हे क्वचितच जाणवते. तिसरा आवाज अनुभवी, सावकाश बोलणारा आणि दोघांचेही ऐकून घेणारा.

धुळ्यातील एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या, पूर्वपरीक्षेत थोडक्या गुणांनी राहिलेल्या मुलीची वही अशी दिसू शकेल :

टीकाकार : तिसरी वेळ. गावात तोंड कसे दाखवणार आहेस? तुझ्याबरोबरच्या नोकरीला लागल्या.

दुखावलेली : माझ्याकडून पुस्तक उघडवत नाही. उघडले की पोटात कालवते.

टीकाकार : नाटके आहेत ही.

तिसरा आवाज : थांब जरा. तिला नंतर बोल. तू एवढा घाबरला का आहेस ते आधी सांग.

टीकाकार : मी घाबरलेलो नाही.

तिसरा आवाज : बरे. पण तिने अभ्यास सोडला तर काय होईल असे तुला वाटते?

टीकाकार : बाबांनी गाय विकून खोलीचे भाडे दिले. ते पैसे पाण्यात जातील. ते काही बोलणार नाहीत, आणि तेच मला सहन होणार नाही.

येथे वहीतील अक्षर बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पेन हळू चालू लागते. टीकाकाराच्या हाती जो दगड होता त्याच्या खाली काळजी निघाली. आता तिसऱ्या आवाजाला खरे काम मिळते : गाय विकली ही गोष्ट खरी आहे, त्याचे ओझे वाटणे साहजिक आहे, गुण नेमके कोणत्या विषयात गेले ते उद्या सकाळी उत्तरतालिका घेऊन पाहू, आणि या रविवारी बाबांना फोन करून आणखी एक वर्ष द्यायचे की नोकरी शोधत अभ्यास करायचा हे त्यांच्याशीच बोलू. दुखावलेलीला शेवटी एक वाक्य लिहू द्यावे. ते बहुधा अगदी साधे असते : 'मला आज झोपायचे आहे.' तिला झोपू द्यावे.

टीकाकाराला हाकलून लावायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. हाकलले की तो परसदाराने येतो. त्याला बोलू द्यावे, पण शेवटचा शब्द त्याचा नसावा आणि पंधरा मिनिटे झाली की वही मिटावी.

तिसरा आवाज मला सुचतच नाही. तो कोणाचा घ्यावा?

हा आवाज खुशमस्कऱ्याचा नको. 'तू किती हुशार आहेस, तू सगळे जिंकशील' असे म्हणणाऱ्याला टीकाकार दोन मिनिटांत गप्प करतो, कारण टीकाकाराकडे पुरावे असतात आणि खुशमस्कऱ्याकडे नसतात. ज्याने स्वतः चुका केल्या आहेत आणि ज्याला आपल्या चुका पाहून धक्का बसत नाही, अशा माणसाचा आवाज घ्यावा.

मला माझी मोठी माय आठवते. सणाला खापरावरचे मांडे करायची. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत ती तो एवढा मोठा करी की खालची चूल त्यातून दिसावी, आणि मग पालथ्या खापरावर अलगद पसरी. पहिला मांडा हमखास फाटायचा. खापर पुरते तापलेले नसे किंवा गोळा जास्त सैल असे. ती तो खापरावरून काढून बाजूच्या ताटात ठेवी, आम्हा पोरांकडे सरकवी, विस्तवात एक काटकी सारी आणि हाताला पाणी लावून दुसरा गोळा उचली. 'जाऊ दे' असेही म्हणत नसे. आच कमी आहे हे तिने पाहिलेले असे, त्यावर उपायही केलेला असे. आपल्याला स्वयंपाक येत नाही असे मात्र तिच्या मनातही आलेले नसे. माझा तिसरा आवाज तिचा आहे, आणि तो फार कमी बोलतो.

ज्यांच्या वाट्याला असे कोणी आलेच नाही, त्यांनी उसना आवाज घ्यावा. शाळेतील एखाद्या बाई, एसटीचे जुने वाहक, दवाखान्यातील शांत परिचारिका, कोणीही चालेल. तेही जमत नसेल तर हीच चूक जिवलग मित्राकडून झाली असती तर आपण त्याला काय म्हटले असते ते लिहावे. काहींना सौम्य शब्द ऐकले की रडू येते, काहींना चक्क राग येतो. गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करुणेची भीती' या नावाने याचाही अभ्यास केला आहे. ज्याला मायेच्या पाठोपाठ मार मिळाला त्याला माया धोक्याची वाटणारच. अशा वेळी मात्रा कमी ठेवावी. 'आज अवघड गेले' एवढे एकच वाक्य पुरे.

कुलदैवताचा किंवा संतांचा आवाज कल्पिला तर चालेल का?

चालेल, पण ते दैवत तुमच्या मनात धाक घालणारे नसावे. श्रावणात कानबाई ही आपली खानदेशी देवी घरी आणताना जी माया वाटते ती आठवून अनेक बायका सहज बोलू लागतात. ते दैवत नवसाचा हिशेब मागू लागले, तर समजावे की टीकाकारानेच सोंग बदलले आहे.

स्वतःशी बोलताना 'मी' म्हणावे, 'तू' म्हणावे की नाव घ्यावे?

ईथन क्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या गटाने २०१४ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी ज्यांनी 'मी' टाळून स्वतःचे नाव किंवा 'तू' वापरून मनाशी विचार केला, त्यांना कमी त्रास झाला आणि त्यांची कामगिरीही सरस ठरली. थोडे अंतर पडले की आपण आपल्याकडे दुसऱ्याकडे पाहावे तसे पाहतो.

मराठीत मात्र हा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. आपला 'तू' आईचाही असतो आणि रस्त्यावर वाद घालणाऱ्याचाही. ज्याच्या टीकाकाराने 'तू'चा ताबा घेतला आहे त्याला 'तू' म्हणून अंतर पडत नाही, उलट जखम उघडी होते. अशांनी स्वतःला 'अहो' म्हणून पाहावे. 'अहो नाना, आज दिवस वाईट गेला तुमचा' हे वाक्य मनात म्हणताच बहुतेकांना थोडे हसू येते, आणि मानाने बोलायला लागल्यावर शिवी घालणे व्याकरणालाही जड जाते. दुसरी सोय 'आपण' या शब्दाची आहे. 'उद्या आपण बघू' असे म्हटले की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात येतात. नाव घ्यायचे तर हजेरीपटावरचे घेऊ नये, घरात हाक मारतात ते घ्यावे.

टीकाकाराचे वाक्य गमतीदार आवाजात म्हणणे हा पोरखेळ नाही का?

आहे, पण उपयोगाचा आहे. एखादा शब्द भरभर पुन्हापुन्हा उच्चारला की काही वेळाने त्याचा अर्थ गळून जातो आणि नुसता ध्वनी उरतो, असे टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्येच नोंदवले होते. पुढे स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञाच्या उपचारपद्धतीने ते वापरात आणले. 'नालायक' हा शब्द अर्धा मिनिट सलग म्हणून पाहावा. वाक्य खोटे आहे असे यातून सिद्ध होत नाही. ते मनात आलेले एक वाक्य आहे, एवढेच दिसते. ताज्या दुःखावर हा प्रयोग करू नये.

रिकाम्या खुर्चीशी बोलतात म्हणे. ते घरी एकट्याने जमेल का?

जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यातून, म्हणजे मनातला पेच नाटकासारखा मांडण्याच्या उपचारातून, ही कल्पना आली आणि मानसोपचारक फ्रिट्झ पर्ल्स यांनी तिचा बराच प्रसार केला. आत्मटीकेसाठी दोन खुर्च्यांचा संवाद कसा घ्यावा याची शिस्तशीर मांडणी नंतर मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांनी केली. टीकाकाराच्या खुर्चीत बसून टीका करायची, मग उठून समोरच्या खुर्चीत बसून ती ऐकायची. जागा बदलली की अंगात काय बदलते ते जाणवते, म्हणून याचा प्रभाव वहीपेक्षा जास्त पडतो, आणि म्हणूनच जुने मारहाणीचे, अत्याचाराचे किंवा ताज्या मृत्यूचे अनुभव असतील तर प्रशिक्षित माणूस सोबत असल्याशिवाय हे करू नये.

बाकीच्यांची खरी अडचण एकांताची असते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तेथे खुर्चीशी बोलणाऱ्याला घरचे भगताकडे नेतील. शेताचा बांध, उन्हाळ्यात निजायच्या वेळची गच्ची किंवा भुसावळला जाणाऱ्या गाडीतली खिडकी या जागा बऱ्या. एका गृहस्थांनी फोन कानाला लावून, समोर कोणी नसताना, रोज संध्याकाळी स्वतःच्या टीकाकाराशी बोलण्याची युक्ती काढली होती. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

हे सारे परदेशी खूळ वाटते. आपल्याकडे असे काही होते का?

उपचार म्हणून बांधलेल्या पद्धती अलीकडच्या आणि बाहेरच्या आहेत, हे खरे. त्या सगळ्यांमागे संशोधनाचे पाठबळही सारखे नाही. खुर्चीच्या पद्धतीचा आणि करुणेवर आधारित उपचारांचा बराच अभ्यास झाला आहे, इतर काही पद्धती मुख्यतः अनुभवावर चालतात. पण मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलणे आपल्याला नवे नाही. 'आपुलाचि वाद आपणासी' असे तुकोबांनी म्हणून ठेवले आहे, तेही एकांताच्या सुखाचे वर्णन करताना. रामदासांनी तर मनालाच हाक मारून दोनशे पाच श्लोक रचले.

आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनाला उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हटले, कितीही हाकलले तरी फिरून पिकावर येणारे. हा दृष्टांत मला समुपदेशकाच्या कामाचा वाटतो. ढोराला मारून उपयोग नसतो, कारण ते दुष्ट नसते, भुकेले असते. शेतकरी त्याला दावे लावतो आणि पुढ्यात चारा टाकतो.

कोणत्या वेळी हे सराव बाजूला ठेवून मदत घ्यावी?

आतला आवाज 'तू चुकलास' सोडून 'तू नसलेलाच बरा' असे म्हणू लागला तर त्याच दिवशी. दोन आठवडे झोप, भूक आणि कामातली गोडी गेली असेल, दारू वाढली असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तरीही थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील रुग्णालयात चौकशी करावी. घरात फवारणीचे औषध असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात, कुलुपात द्यावे. ही गोष्ट सांगायला माणसे संकोचतात, संकोचू नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत मिळावी, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळण्याचे कारण नाही.

हा आवाज कायमचा बंद कधी होईल?

बहुतेकांचा होत नाही. काही आठवड्यांच्या सरावानंतर तो लवकर ओळखू येतो आणि त्याच्या मागे फरफटत जाण्याचा वेळ कमी होतो. पूर्वी तीन दिवस जात तेथे एक संध्याकाळ जाते. आजारपण, निकाल, लग्नकार्य अशा वेळी तो पुन्हा जोर धरतो. सराव वाया गेला असा त्याचा अर्थ नाही.

मीच मुलांना टोचून बोलते. मी त्यांच्या आतला टीकाकार तयार करते आहे का?

थोडाफार, हो, आपण सगळेच करतो. या उत्तराचीच काठी करून स्वतःला बडवायला लागू नका. रागवायचे ते कामावर रागवावे : 'दप्तर पुन्हा विसरलास, उद्यापासून रात्रीच दाराशी ठेव' यात राग आहे आणि रस्ताही आहे, 'तू असाच आहेस' यात रस्ता नाही. जास्त बोलून झाले तर त्याच दिवशी, जेवणाच्या आधी, 'मघाशी मी फार बोलले' असे म्हणावे. मुलांच्या आत हे वाक्यही जमा होते. आपले काय काय जमा झाले आहे ते पाहायचे असेल, तर धाकटी एकटी भातुकली खेळत असताना दाराआड थोडा वेळ उभे राहावे. ती बाहुलीला जेवू घालताना तुमच्याच सुरात रागावेल, आणि बहुधा तुमच्याच सुरात तिची समजूतही काढेल. तेव्हा मध्ये जाऊन तिला टोकू नये. तिचा खेळ होऊ द्यावा.